वाघ फोर-केत, तुकोबा धुक्यात

टीव्हीच्या दुकानात वाघ असतोच. चंद्रपुरात पाहा, नागपुरात पाहा. भिंतीवर ओळीनं टांगलेल्या सगळ्या पडद्यांवर एकच वाघ एकाच वेळी जांभई देत असतो. वाघ गेला की पोपट, पोपट गेला की फोडलेलं डाळिंब, डाळिंबावरून अगदी सावकाश घरंगळणारा पाण्याचा थेंब, की पुन्हा वाघ. विक्रेता वाघाच्या मिशीपाशी बोट नेतो आणि म्हणतो, ‘‘फोर-के आहे सर. एकेक केस मोजून घ्या.’’

पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकावर याचा परिणाम होतही असेल. पण पोंभुर्ण्याच्या माणसाला वाघ दाखवून काही विकायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्यानं आमचा तालुका नकाशावरसुद्धा पाहिलेला नसावा. आमच्याकडे वाघ धानाच्या बांधीत पंजे उमटवून जातो. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांना तो वनविभागाच्या फलकाशिवाय ठाऊक असतो. त्याच्या मिशा मोजता येतील इतक्या जवळून त्याला बघायची हौस आमच्यात कोणालाच नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हात पाठीमागे बांधून त्या जांभया बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘वाघ राहू द्या जी. तो आमच्या बोडीवर येते. तुकाराम आहे का, तुकाराम? पागनीसचा?’’

विक्रेत्याचं वय बावीस-तेवीस. त्यानं रिमोट तोंडाशी धरून ‘तुकाराम’ म्हटलं. रिमोटनं काय ऐकलं कोण जाणे, पडद्यावर ट्रॅक्टर आले. मग त्यानं एकेक अक्षर टिपून शोधलं आणि एकदाचा पंचावन्न इंची पडदा करडा झाला. त्या करडेपणात काहीतरी हललं. वरचा पांढरा डाग म्हणजे पागोटं असावं. खालचे दोन डाग एकमेकांवर आपटत होते, त्या अर्थी चिपळ्या. उजव्या कोपऱ्यात मात्र कुठल्याशा चॅनेलचं बोधचिन्ह लखलखीत होतं, आणि त्याखालचा फोन नंबर मामाजींना चष्म्याशिवाय वाचता आला.

‘‘धुकं पडलं काय जी देहूत?’’ मामाजींनी विचारलं.

त्या दिवशी टीव्ही घेतला, कारण घ्यायचाच होता. पण माझ्या डोक्यातून ती तफावत जाईना. ताडोबातल्या माया वाघिणीला येणाऱ्या-जाणाऱ्यानं इतकं टिपून ठेवलंय की ती आता हयात नसली तरी तिच्या गालावरचा पट्टासुद्धा शाबूत आहे. आणि मराठीतला सर्वात गाजलेला चित्रपट, दामले-फत्तेलालांनी प्रभात कंपनीसाठी केलेला ‘संत तुकाराम’, जो १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून अधिक काळ उतरला नाही, ज्याची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली, त्यातल्या तुकोबांना नाक आहे की नाही हेसुद्धा नक्की सांगता येत नाही. आमच्या जिल्ह्यात वाघ फोर-केत मिळतो. संत मिळत नाहीत.

दोष टीव्हीचा नाही. टीव्ही बिचारा जे मिळेल ते दाखवतो. हिशेब साधा आहे. फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, मिळून सुमारे ८३ लाख. ब्लू-रे तबकडीवर वीस लाखांच्या वर, डीव्हीडीवर चार लाखांच्या आसपास, आणि आपल्या जुन्या व्हीसीडीवर ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख. गंमत अशी, की नेटवर्क मंद असताना यूट्यूब ज्या २४० च्या पायरीवर येऊन बसतं, तिथेही ठिपके एक लाखच. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत तबकडी गेली, मोबाइल आला, ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीच्या दारात आली, आणि आमचे तुकोबा व्हीसीडीतून निघून थेट व्हीसीडीतच पोचले. पडदा तेवढा मोठा झाला. आता त्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याकडे ऐंशी-ब्याऐंशी जागांचा अतिरिक्त कार्यभार असतो. एवढा कार्यभार दिल्यावर कोणीही पुसटच काम करणार.

व्हीसीडीला मात्र मी नावं ठेवणार नाही. त्या तबकडीनं आमच्याकडे सिनेमा पहिल्यांदा घरात आणला. त्याआधी ‘व्हिडिओ आणणे’ असा एक समारंभ असे. धान निघालं, हातात चार पैसे आले की पोट्टे वर्गणी काढत. टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं येई. सडा घातलेल्या अंगणात अख्खी रात्र तीन-चार पिक्चर. चौथा संपेस्तोवर कोंबडा आरवत असे आणि नायकाच्या आईला न्याय मिळाला तेव्हा जागं कोण होतं, यावर दुसऱ्या दिवशी वाद होत. मग चायनीज प्लेअर आले, सोबत माइक फुकट. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीनं अठ्ठावीस रुपयांत अस्सल व्हीसीडी बाजारात उतरवली, तेव्हा सिनेमा भाजीच्या भावात आला. आठवडी बाजारात वांग्यांशेजारी निळू फुले दिसू लागले. प्रभातचे चित्रपटही त्या काळात तबकड्यांवर आले होते. एका तबकडीत सिनेमा मावत नसे, म्हणून दोन, कधी तीन. त्यात दुसरी तबकडी हरवलेली असणं हा घराघरातला नियम. ‘कुंकू’ पहिल्या तबकडीपुरताच पाहिलेली माणसं मला ठाऊक आहेत. शांताराम बापूंनी पुढे काय केलं याबद्दल त्यांची स्वतंत्र मतं आहेत, आणि काही मतं मूळ शेवटापेक्षा वाईट नाहीत.

आता त्या तबकड्या शेतात आहेत. तूर किंवा हरभरा उभा असला की बांबूच्या काठ्यांना सुतळी बांधून त्यावर त्या ओळीनं टांगतात. वाऱ्यानं फिरतात, उन्हात चमकतात आणि पाखरं बिचकतात. एका बांधावर मी मान वाकडी करून नावं वाचली आहेत. एका तबकडीवर ‘श्यामची आई, भाग दोन’ होतं, शेजारी दादा कोंडके होते, आणि दोघे आळीपाळीनं पोपटांच्या थव्यावर प्रकाश पाडत होते. रानडुक्कर मात्र कोणालाच दाद देत नाही. त्याला रात्री यायचं असतं, आणि रात्री तबकडी चमकत नाही.

डीव्हीडी आमच्याकडे पाहुण्यासारखी आली आणि पाहुण्यासारखी गेली. ब्लू-रे पोंभुर्ण्यात आलीच नाही. माझ्या एका मित्राचा मुलगा अमेरिकेत असतो. त्यानं सुटीत येताना हौसेनं ‘पथेर पांचाली’ची ब्लू-रे आणली. या चित्रपटाची हकीकत मोठी आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या. जळक्या, वाकलेल्या, चिकटलेल्या पट्ट्या कोणीतरी फेकून न देता अमेरिकेत नेऊन ठेवल्या. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी त्या भिजवून, सोडवून, शिवून पुन्हा चालत्या केल्या. एवढ्या दिव्यातून अपू आणि दुर्गा बाहेर पडली, समुद्र ओलांडून भारतात आली आणि मित्राच्या घरच्या प्लेअरनं सांगितलं, विभाग चुकीचा आहे. ब्लू-रेवाल्यांनी पृथ्वीचे तीन वाटे केलेत. अमेरिका ‘ए’मध्ये, आपण, रशिया आणि चीन ‘सी’मध्ये. बंगालच्या खेड्यातल्या पोराला भारतात बघायचं तर अमेरिकेचा प्लेअर पाहिजे. फोर-के तबकडीला ही वाटणी नाही, ती कुठेही चालते. तिची किंमत चार हजारांच्या पुढे जाते एवढीच अडचण.

जगात बाकी सगळं या तबकडीवर आलं आहे. १९३९ चा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ आला, ऐंशीव्या वर्षी, टवटवीत, लाल बुटांसकट. कुरोसावाचे सात सामुराई आले. त्यांच्या चेहऱ्यावरून ओघळणारं पावसाचं पाणी वेगळं आणि घाम वेगळा दिसतो म्हणतात. त्याच १९३९ सालचा आपला ‘माणूस’ मी नेटवर शोधला. शांता हुबळीकर सापडल्या, पण कमरेवरून एक पट्टी धावत होती. पट्टीवर पाइल्स मुळापासून बरी करण्याची हमी होती.

इथे कोणी म्हणेल, जुनेच सिनेमे ते, त्यात एवढं दिसण्यासारखं काय असणार? इथेच तर खरी चिडचिड आहे. ३५ मिलिमीटरची जुनी चांगली निगेटिव्ह हाती असेल तर तिच्यात फोर-के पडदा भरून निघेल एवढा तपशील असतो. म्हणजे तुकोबा १९३६ सालीच फोर-केत उभे होते. प्रभातच्या कॅमेऱ्यानं तुकोबा झालेल्या पागनीसांची पापणीन्‌पापणी टिपली होती. आपण नंतर त्यांना छोटं करत नेलं. प्रतीची प्रत, तिची टेप, टेपची तबकडी, तबकडीची फाइल, फाइलीची कोणीतरी पुन्हा आवळून केलेली फाइल.

आणि मूळ पट्टी? ती पट्टी नायट्रेटची. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याखालीसुद्धा जळतं. चित्र सुरेख देतं आणि संधी मिळताच घर जाळतं. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशा रिळांच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्याही पट्ट्या होत्या. आगीनं जेवढं नेलं नसेल तेवढं त्याआधी आपण स्वतःच्या हातानं दिलं. काळ्या-पांढऱ्या पट्टीत चांदी असते. सिनेमा उतरला की पट्टी धुवायची, चांदी काढायची आणि उरलेलं सेल्युलॉइड विकायचं. त्याच्या बांगड्या होत. कोणाच्या आजेसासूच्या हातात बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ किणकिणत असेल, सांगता येत नाही. १९२५ चा तो मूकपट आज कुठेच नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसानं गोदामं, माळे, वारसांची घरं पालथी घालून फाळक्यांची रिळं गोळा केली, म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग तरी आपण पाहू शकतो. ‘आलम आरा’ त्यांनाही सापडला नाही.

सरकार काही करत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये केंद्रानं ३६३ कोटी रुपये काढून सुमारे २२०० चित्रपट दुरुस्त करायचं जाहीर केलं. दुरुस्ती म्हणजे काय, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. सेकंदाला चोवीस चित्रं. सव्वादोन तासांच्या ‘संत तुकाराम’मध्ये एक लाख नव्वद हजारांच्या घरात चित्रं झाली. प्रत्येक चित्र वेगळं टिपायचं, त्यावरची धूळ, ओरखडा, बुरशी काढायची. आणि काढताना चिपळीच काढून टाकली नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. त्या कामातून अत्र्यांची ‘श्यामची आई’, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारी १९५३ ची, नव्यानं उजळून निघाली आणि २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत दाखवली गेली. ज्यांनी पाहिली ते भाग्यवान. आमच्याकडची अजून तुरीच्या बांधावर आहे.

गोव्यापासून पोंभुर्ण्यापर्यंत ती का येत नाही? मला वाटायचं कुणा मालकानं अडवून धरलं असेल. उलटं आहे. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी सरतो. म्हणजे ‘श्यामची आई’ २०१३ संपताच मोकळी झाली. प्रभातच्या सोन्यासारख्या दिवसांतली सगळी पोथी त्याच्याही आधी. आता त्या चित्रपटांवर कोणाचाच हक्क नाही, म्हणजे सगळ्यांचाच आहे. ज्याला वाटेल तो चढवतो आणि कोपऱ्यात आपलं बोधचिन्ह ठोकतो, दुसरा ते पुसून त्याच जागी आपलं ठोकतो. खर्च करून दुरुस्त केलेला चित्रपट विकावा तर आठ दिवसांत तो फुकट फिरणार. ज्यांचे हक्क शाबूत आहेत त्यांचा हिशेब वेगळा. ‘पिंजरा’ २०१६ मध्ये डिजिटल होऊन पुन्हा थिएटरात आला, तेव्हा त्यातले रंग बघून आमच्याकडचे काही जण चंद्रपूरला दोनदा जाऊन आले. थिएटरातून उतरला आणि मग घरी बघायला पुन्हा तोच फिकट.

मामाजींना हे सगळं पटत नाही. त्यांची स्पष्टतेची कल्पना झाडीपट्टीतली आहे. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात, गावोगावी शंकरपट आणि मंडई भरते, आणि रात्री शामियान्यात नाटक सुरू होतं ते उजाडेस्तोवर. मामाजी पहिल्या रांगेत, जमिनीवर, घोंगडं पांघरून. खलनायकाच्या मिशीचा डिंक एका बाजूनं सुटतोय, हे त्यांना तिसऱ्या अंकात दिसतं आणि ते तसं मोठ्यानं सांगतात. खलनायक संवाद न तोडता मिशी दाबून घेतो. तिथे ठिपक्यांचा हिशेब नसतो, तिकीट असतं. तिकीट काढलं म्हणजे माणसाचं तोंड दिसलंच पाहिजे, ही त्यांची भूमिका. आणि टीव्हीचे पैसे तर तिकिटापेक्षा कितीतरी जास्त.

म्हणून आषाढी एकादशीला आमच्या घरी ‘संत तुकाराम’ लावायचं ठरलं. भाच्यानं नेटवर धुंडाळून त्यातल्या त्यात बरी प्रत काढली होती. पूर्ण स्पष्ट प्रत असती तरी अडचण होतीच: फोर-के पाहायला तासाला साधारण सात जीबी लागतात आणि त्याच्या मोबाइलला रोज दीड जीबी मिळतात. त्या हिशेबानं तुकोबा दहाव्या-अकराव्या दिवशी वैकुंठाला गेले असते. त्यापेक्षा धूसर का होईना, एका बैठकीत गेलेले बरे.

अर्धी आळी जमली होती. साबुदाणा खिचडी फिरत होती. चित्र सुरू झालं आणि पहिली तक्रार आली ती दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांची. जुन्या चित्रपटाची चौकट जवळपास चौकोनी, टीव्ही लांबट. बाजू मोकळ्या राहणारच. पण पैसे पूर्ण टीव्हीचे दिले आहेत, यावर एकमत झालं. भाच्यानं बटण दाबलं आणि चित्र कडेपर्यंत ताणलं. त्यासरशी दुष्काळात होरपळलेलं तुकोबांचं कुटुंब एका झटक्यात तेहतीस टक्क्यांनी सुखवस्तू झालं. पोरं गुटगुटीत दिसू लागली. घरात दाणा नाही म्हणून तुकोबांची बायको आवली कडाडत होती आणि तिचे दंड बघून कोणाचाच विश्वास बसत नव्हता.

‘‘काहून ओरडून राहिली हे? खाऊनपिऊन चांगली तं दिसते,’’ शेजारच्या काकू म्हणाल्या.

त्यात टीव्हीला स्वतःची अक्कल आहे. जुन्या सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात, ती त्याला कमी वाटतात. मग तो दोन चित्रांच्या मधलं चित्र मनानं काढतो. त्यामुळे तुकोबा एकदम संध्याकाळच्या मालिकेत आल्यासारखे गुळगुळीत चालू लागले. ती सोय बंद कशी करायची ते पुस्तिकेत अकरा भाषांत दिलं होतं, मराठीत नव्हतं. भाच्यानं शोधून बंद केली तोवर तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडून वर आलेल्याही होत्या.

आणि मग तो प्रसंग आला. शिवाजी महाराजांकडून नजराणा आलाय. दागिने, वस्त्रं, मोहरा. तुकोबा ते सारं नाकारतात. तुकोबांचा हात वर झाला आणि जाहिरात लागली. सोनेतारण कर्ज. घरबसल्या, तासाभरात. एक बाई हसत हसत गळ्यातला हार काउंटरवर ठेवत होती, आणि जाहिरात मात्र मूळ फोर-केमधली असल्यानं हाराचा मणीन्‌मणी दिसत होता. टीव्ही घेतल्यापासून इतकं सुंदर चित्र आम्ही पाहिलं नव्हतं. भाचा वगळायचं बटण दाबणार, तेवढ्यात बायको म्हणाली, ‘‘थांब रे, व्याज किती सांगते ते पाहू दे.’’

खिचडी संपली. दोनदा लाइट गेली, दोनदा आली. शेवटाला सगळे पुन्हा नीट सरसावून बसले, कारण तुकोबांना वैकुंठाला नेणारं विमान यायचं होतं. माझ्या आईनं हा सिनेमा लहानपणी मार्कंड्याच्या जत्रेत टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिलेला. तेव्हा गरुड उडाला आणि लोकांनी पडद्याला हात जोडले, हे ती आम्हाला सुरुवातीपासून सांगत होती. आला गरुड. पंख पसरून, पाठीवर तुकोबांना घेऊन, ताणून घेतल्यामुळे चांगला रुंद झालेला. जमिनीवरून सुटला, माणसाच्या डोक्याएवढा वर गेला, आणि पडद्याच्या मधोमध एक गोल फिरू लागला. भाच्याचा दीड जीबी संपला होता.

कोणी म्हणालं, माझा हॉटस्पॉट घे. कोणी म्हणालं, राहू दे, पुढचं ठाऊक आहे. मामाजींनी नव्यानं धुक्याचा विषय काढला. आई तेवढी पडद्याकडे बघत होती. तुकोबा वर अर्धवट थांबलेले, आणि आवली, नेहमीसारखी, खाली राहिलेली.

‘‘थांबलं न विमान?’’ आई भाच्याला म्हणाली. ‘‘मंग आता आवलीलेबी बसवून घे म्हना त्याले.’’